बाबा झोपेत होते की जागे

बाबांनी आईला मारणं बंद केलं तेव्हा मी शाळेत होते, आणि ते पुन्हा सुरू झालं तेव्हा मी झोपेच्या धंद्यात होते. धंदा म्हणते, कारण आमच्या घरात माझ्या नोकरीला दुसरा शब्द कधी सापडलाच नाही. पोरगी काय करते असं कोणी विचारलं की आई सांगायची, "लोकांची झोप बगते." ऐकणाऱ्याला वाटायचं मी एकतर रात्रपाळीची नर्स आहे, नाहीतर चोर.

आमचं घर रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी, कोळीवाड्यात. बाबा तांडेल. होडीचं सुकाणू त्यांच्या हातात, आणि होडीवरच्या खलाशांचा जीवही. आई मासळी घेऊन अलिबागच्या बाजारात बसायची आणि घरातल्या पैशाच्या चाव्या तिच्या कमरेला असायच्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, अशा बाईवर हात उचलायची कोणाची छाती होईल? पण दारू प्यायल्यावर बाबांची व्हायची. मला ते सगळं आठवतं. मला विसरायचंही नाही.

एकदा आईचं तोंड इतकं सुजलं की तिला पाटी डोक्यावर घेता येईना. ती माहेरी गेली नाही. तशीच गावकीसमोर जाऊन उभी राहिली. तिथे बसलेल्यांत एक बाबांचा मामा, एक होडीतला भागीदार, एक आईचाच चुलतभाऊ. जो तो आपलं नातं सांभाळून बोलला. मामा म्हणाला, पोरगा मनाने चांगला आहे. चुलतभाऊ म्हणाला, ताई, तूही जिभेची तिखट आहेस. तेव्हा आईने विचारलं, "हिथं कुनाचा कोन न लागनारा यक तरी मानूस हाय का?" नव्हता. कोळीवाड्यात असा माणूस कुठून येणार?

शेवटी सगळ्यांत म्हाताऱ्याने बाबांना भरतीच्या पाण्यात कमरेइतकं उभं केलं. बाबांनी समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन शपथ घेतली, की बायकोवर पुन्हा हात उचलला तर होडीवर पाय ठेवणार नाही. आमच्याकडे ही शपथ हलक्यात घेत नाहीत. दर्याची शपथ मोडलेल्या तांडेलाच्या होडीवर खलाशी चढत नाही, आणि असा तांडेल स्वतःही चढत नाही. बाबांनी ती पाळली. दारू आधी कमी झाली, मग सुटली. मी बारावी झाले, मुंबईत एका हॉस्पिटलच्या झोपेच्या विभागात काम शिकले, माझ्या भावाचं लग्न झालं, आणि एवढ्या वर्षांत बाबांनी आईला बोट लावलं नाही. मी त्यांना मनातून माफ केलं होतं की नाही हे मला सांगता येणार नाही. आईने मात्र केलं होतं. ती त्यांच्याशेजारी घोरत झोपायची.

मग बाबा झोपेत हात चालवायला लागले. सुरुवातीला नुसतं ओरडणं होतं. "वढा! वढा रं!" म्हणून खलाशांना हुकूम. होडीवर डुलकी लागली तरी तेच, आणि खलाशी त्यावरून त्यांची खेचायचे. पुढे लाथा सुरू झाल्या. एकदा त्यांनी आईचे केस दोन्ही हातांनी धरून असे ओढले की ती पलंगावरून खाली आली. त्यांना जागं केलं तर घामाघूम, आणि काय झालं त्याचा पत्ता नाही. "जालं खडकात आडकलं व्हतं," म्हणाले, आणि आईचे केस हातात बघून घाबरले.

आईने त्याची थट्टा केली. बाजारात कोपरावरचा निळा डाग ती आपणहून दाखवायची. "आमचा तांडेल सपनात बी सुटी घेत न्हाय गो. काल मना बोंबलाचं जालं समजला." शेजारच्या बायका हसायच्या, गिऱ्हाइकं हसायची. ती गोष्ट सांगताना तिचा चेहरा खुलायचा, कारण ती गोष्ट मारणाऱ्या नवऱ्याची नव्हती, स्वप्नाळू नवऱ्याची होती. हा फरक तिने वर्षानुवर्षं कमावला होता.

मग एक फटका डोळ्याखाली बसला. त्या दिवशी बायका हसल्या नाहीत. त्यांना आईचं जुनं सुजलेलं तोंड आठवत होतं. एकजण कोलंबी निवडता निवडता म्हणाली, "झोपेत व्हता ह्ये कोन बोलतं? त्योच ना?" एवढंच म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. आईने मला त्याच दुपारी फोन केला.

"तुझं मशीन मानसाची झोप वलकतं ना?"

"हो."

"मंग मना यवरंच सांग. मारतो तवा तुझा बाबा झोपेत असतो का जागा?"

तिने असं काही माझ्याकडे कधी मागितलं नव्हतं. कधीच काही मागितलं नव्हतं, खरं तर. मी म्हटलं, येते.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी तेव्हा हॉस्पिटल सोडून नवी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीत लागले होते. माणूस झोपला म्हणून मेंदू बंद पडत नाही, त्याची चाल बदलते. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीला तारा चिकटवल्या की ती चाल पडद्यावर रेघांनी उमटते. अर्ध्या मिनिटाच्या रेघांचं एक पान. जाग, हलकी झोप, पक्की झोप, गाढ झोप आणि स्वप्नाची झोप, यांतलं एक नाव प्रत्येक पानाला द्यायचं. आमच्यासारख्यांनी नावं दिलेली पानं ढिगाने मशीनला दाखवतात, आणि मग मशीन नवीन माणसाच्या पानांना आपणहून नावं द्यायला शिकतं. मी दिवसभर अनोळखी लोकांची झोप बघत चहा प्यायचे. कोणाची कशी तुटलेली, कोणाची कशी सलग. त्यांची नावं, चेहरे मला ठाऊक नसायचे, आणि तरी काहींची मला काळजी वाटायची.

कंपनीने घरी लावता येईल असा संच काढला होता. त्याच्यासोबत फोनमध्ये एक ॲप. झोप संपली की ॲप मराठीत अहवाल वाचून दाखवायचं, गोड बाईच्या आवाजात. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही कळावं म्हणून, असं आमचे साहेब म्हणायचे, आणि या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. मी तो संच पिशवीत घालून पेणमार्गे एसटीने घरी गेले. मला बाबांच्या बाबतीत एक संशय होता. हॉस्पिटलमध्ये असे दोन-तीन पेशंट मी पाहिले होते. रेघा स्वतः बघायच्या, खात्री करायची आणि मग आईला सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

त्या आठवड्यात बाबा रात्रभर दर्यावर असायचे आणि सकाळी जेवून झोपायचे. होडीवाल्यांची झोप भरती-ओहोटीवर चालते, उन्हावर नाही. त्या दिवशी ते परत आले, आंघोळ केली, आणि मी त्यांना तारा लावत बसले. डोक्याला चिकट मलम, हनुवटीला गोल चिकट्या. ते लहान मुलासारखे गप्प बसले. "लगीन लावतेस का काय," म्हणाले. मला हसू आलं. आईच्या हातात मी फोन दिला आणि सांगितलं, बाबांनी हात झाडला, लाथ मारली, ओरडले, की हे लाल बटण दाबायचं. ती पलंगापासून लांब स्टूल टाकून बसली. ती त्यांच्या झोपेवर पहारा देत होती, आणि बाहेर बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांवर कावळे उतरले तरी उठली नाही.

बाबा दुपारपर्यंत झोपले. आईने बटण अनेकदा दाबलं. मी बाहेरून ऐकत होते. "सोड! सोड त्याला! वढा!" आणि पलंगाच्या कडेवर बसलेली लाथ. ते उठले तेव्हा मी तारा काढल्या आणि केसांतलं मलम धुवायला त्यांना मोरीवर घेऊन गेले. गरम पाणी ओतत होते तेवढ्यात ओटीवरून तो गोड आवाज आला. आईने पडद्यावर दिसलं ते बटण दाबलं होतं.

"एकूण झोप समाधानकारक आहे," आवाज म्हणाला. "आपण नोंदवलेली पहिली वेळ. या वेळी झोपणारी व्यक्ती जागी होती. आपण नोंदवलेली दुसरी वेळ. या वेळी झोपणारी व्यक्ती जागी होती."

तो आवाज थांबेना. तिसरी वेळ, चौथी वेळ. बाबा ओल्या डोक्याने वाकलेले होते तसेच राहिले. मी ओटीवर धावले आणि फोन आईच्या हातातून घेतला तोवर अहवाल संपला होता. "आपला दिवस आनंदात जावो," असं म्हणून ती बाई गप्प झाली. मला तो फोन खाडीत भिरकावावासा वाटला.

मी तिथेच ओटीवर लॅपटॉप उघडला आणि रेघा बघितल्या. पाच मिनिटांत मला कळलं. स्वप्नाच्या झोपेत मेंदूच्या रेघा जवळजवळ जाग्या माणसासारख्या दिसतात. फरक हनुवटीवरून कळतो. स्वप्न सुरू झालं की मेंदू अंगाचे स्नायू सैल सोडून देतो, म्हणून आपण स्वप्नात धावतो आणि अंथरुणात मात्र पडून असतो. तेव्हा हनुवटीची रेघ सपाट पडते. रेघ सपाट असेल तर स्वप्न, दातेरी असेल तर जाग. मशीनने हेच शिकून ठेवलं होतं. पण काही माणसांचा तो ब्रेकच निकामी होतो. त्यांची हनुवटी स्वप्नातही ताठ राहते, हात-पाय मोकळे राहतात, आणि स्वप्नात ते जे करतात ते अंगाने करून बसतात. बाबांच्या रेघांत ते लख्ख दिसत होतं. बंद पापणीआड डोळे झरझर फिरत होते, जागा माणूस कधी फिरवत नाही तसे. बाबा झोपेत होते. प्रत्येक वेळी झोपेत होते.

मशीन चुकलं, कारण त्याने असा माणूस पाहिलाच नव्हता. अशा माणसांच्या रात्रींची पानं आमच्याकडे यायची, नाही असं नाही. पण ऑफिसचा नियम होता की असली रात्र 'खराब' म्हणून बाजूला टाकायची, कारण तिने मशीन गोंधळतं. साहेब म्हणायचे, आधी सरळ माणसं शिकू दे, मग वाकडी बघू. सरळ माणसं शिकून झाली, मशीन बाजारात गेलं, वाकड्यांची पाळी आलीच नाही. यावर मी त्यांच्याशी पुढे भांडले. ते शांतपणे म्हणाले, अशी माणसं फार कमी असतात. मी म्हटलं, माझ्या घरी एक आहे. त्यांनी वाईट वाटल्याचा चेहरा केला आणि दुसरा फोन घेतला.

पण ते नंतर. त्या दुपारी मी आईसमोर लॅपटॉप धरला, डोळ्यांची रेघ दाखवली, हनुवटीची दाखवली, चुकीची नावं पुसून खरी नावं लिहिली. "हे बघ, हे स्वप्न आहे. इथे मशीनला कळलं नाही."

आईने पडद्याकडे नीट बघितलं. "आथा जे लिवलंस ते मशीननं लिवलं का तू?"

"मी लिहिलं. मशीनचं चुकलं होतं."

"मंग ऱ्हाऊ दे."

"अगं, मी रोज हेच काम करते. मशीनला मीच शिकवलंय."

"तू त्याची पोर हायस," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. समजावून सांगावं तसं ती बोलत होती. "मशीन कुनाचं कोन लागत न्हाय."

गावकीसमोर तिने मागितलेला, कोणाचा कोणी न लागणारा साक्षीदार तिला अखेर मिळाला होता, आणि तो मीच पिशवीत घालून आणला होता. तो खोटं बोलला नव्हता. अडाण्यासारखं ठामपणे बोलला होता, आणि त्याला आवाज गोड दिला होता.

बाबा अंगाला पंचा गुंडाळून दारात उभे होते. मला वाटलं, ते तरी भांडतील. म्हणतील, मी झोपलो होतो, माझं मला माहीत. ते म्हणाले, "मशीन बोलतं म्हंजे असंल."

"बाबा, तुम्हाला आठवतंय का काही? जागे होता का तुम्ही?"

"न्हाय गो. मी तं सपनात व्हतो. आपला खलाशी पान्यात पडला व्हता, त्याला वढत व्हतो." मग म्हणाले, "पन पयला मारायचो तवा बी सकाली मना कुठं काय आठवायचं?"

हे मी आजही विसरू शकत नाही. दारूच्या दिवसांत ते खरंच विसरायचे. सकाळी आईचं तोंड बघून विचारायचे, काय लागलं तुला? स्वतःच्या आठवणीवरचा त्यांचा भरवसा तेव्हाच संपला होता. म्हणून मशीन जागा म्हणालं तर ते स्वतःला जागा समजायला तयार होते. त्यांना आपल्या निर्दोषपणापेक्षा आपला दोष जास्त ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी बाबा बंदरावर गेले. होडीवर बर्फ चढत होता, खलाशी जाळी लावत होते. बाबा धक्क्यावरच थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी शपत मोडली." माझा भाऊ होडीत होता. त्याने नंतर मला सांगितलं, की खलाशांनी हातातली जाळी खाली ठेवली. सगळे पाण्याकडे बघत राहिले. मग बाबांनी भावाला म्हटलं, "सुकानू तू घे," आणि घरी आले. त्या दिवसापासून ते दर्यावर गेले नाहीत.

ते जाळ्यांच्या खोपीत झोपायला लागले. एकदा मी दुपारी डबा घेऊन गेले तर झोपलेले, आणि मनगट नायलॉनच्या दोरीने खांबाला बांधलेलं. गाठ पक्की, तांडेलाची. मनगटावर कातडी सोलली होती. मी ओरडून ओरडून रडले. ते उठून बसले आणि मलाच गप्प करायला लागले.

आईने त्यांना सोडलं नाही. भाकरी वाढायची, कपडे धुवायची, पण बोलायची नाही. घोळ मासा आला तर त्यांच्या ताटात डोकं असायचं ते बंद झालं. आणि बाजारात ती डाग दाखवायची बंद झाली. जुने डाग पिवळे पडत चालले होते, तरी पदर डोळ्यापर्यंत ओढून बसायची. मला ते सगळ्यांत जास्त लागलं. एकदा मासळीवर बर्फ टाकता टाकता ती मला म्हणाली, "यवरी वर्सं मी त्याच्या बाजूला निवांत झोपले गो. ती झोप बी खोटीच म्हनायची."

मी बाबांना मुंबईला नेलं. मी जिथे काम शिकले त्याच हॉस्पिटलमध्ये, कारण तिथल्या डॉक्टरीणबाईंवर माझा विश्वास होता. त्यांनी एक रात्र बाबांना कॅमेऱ्याखाली झोपवलं, सगळी पानं स्वतः वाचली आणि माझंच निदान सांगितलं. स्वप्नाच्या झोपेतला ब्रेक गेला आहे. त्यांनी झोपताना घ्यायची एक गोळी दिली आणि पलंगाभोवतीच्या कडक वस्तू हलवायला सांगितल्या. मग बाबांना बाहेर बसवून त्या मला म्हणाल्या, "तुला पुढचं माहीत आहे ना?" मला माहीत होतं. हा ब्रेक जातो तो पुष्कळदा मेंदूच्या एका मोठ्या आजाराची पहिली खूण म्हणून. वर्षं जातात, आणि मग हात थरथरतो, पावलं अडखळतात, चेहरा गोठल्यासारखा होतो. सगळ्यांना होतं असं नाही. पण बऱ्याच जणांना होतं, आणि ते थांबवायचं औषध अजून निघालेलं नाही.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं, पुढचंही. तिच्यापासून लपवायचं कशाला? ती पूर्ण ऐकून घेऊन म्हणाली, "डाक्तरीन तुझ्या वलकीची ना?"

"हो, पण आई—"

"बरी हाय तू. बापाची बाजू घेतेस ते बरोबरच हाय तुझं." आणि सुकट झाकायला उठून गेली.

मी तिच्यावर चिडले. खूप चिडले. महिनाभर फोन केला नाही. मग लक्षात आलं, की ज्या बाईला भर गावकीत सगळ्या नातेवाइकांनी गोड बोलून खोटं पाडलं, तिने आता नात्यातल्या माणसाच्या शब्दावर का विश्वास ठेवावा? मशीन बनवणाऱ्यांवर चिडायला मला जागा होती. तिच्यावर चिडायला नव्हती. कंपनी मी सोडली आणि हॉस्पिटलमध्ये परत गेले. तो गोड आवाज अजून बाजारात आहे, कुठल्या कुठल्या घरांत बोलत असेल.

गोळीने बाबांचं हात चालवणं कमी झालं. आईला त्याचाही वेगळाच अर्थ लागला. पकडला गेला म्हणून सुधारला. बाबांनाही बहुधा तसंच वाटलं. ते खोपीतून घरात आले, पण ओटीवर झोपायचे. दिवसभर बसून जाळी दुरुस्त करायचे, भरती लागली की धक्क्याकडे तोंड करून बसायचे, भावाची होडी बाहेर पडताना बघायचे आणि ती दिसेनाशी झाली की उठायचे. दोन पावसाळे असे गेले. माणूस किती लवकर म्हातारा होतो हे मी सुट्टीसुट्टीला येऊन बघितलं.

मग एके दिवशी सकाळी आईचा फोन आला. तिने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "तुझा बाबा तंबाकू मलतो तसा अंगठा चालवतो," म्हणाली. "पन हातात तंबाकू नसते."

मी हॉस्पिटलच्या जिन्यात खाली बसले. "कधी? काम करताना?"

"न्हाय. सुई हातात घेतली की थांबतो. हात मांडीवर ठेवला का चालू."

मी त्याच दिवशी निघाले. बाबा ओटीवर बसले होते. उजवा हात मांडीवर होता आणि अंगठा बोटांवर फिरत होता, संथ, एकाच चालीने. मला बघून हसले, पण हसू तोंडाच्या एका कडेला अडकलं. मी त्यांना उठून चालायला लावलं. उजवा हात हललाच नाही, अंगाला चिकटून राहिला. आई चौकटीला टेकून हे सगळं बघत होती.

"ह्ये त्येच का?" तिने विचारलं. "तुझी डाक्तरीन बोलली व्हती त्ये?"

"हो, आई. तेच वाटतंय."

ती चौकटीला धरून खाली बसली. मी तिच्याजवळ गेले, मला वाटलं तिला चक्कर आली. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा मला ओळखू येईना, इतका तो मोकळा झाला होता. "म्हंजे त्यो झोपेत व्हता," ती म्हणाली. "गो, त्यो झोपेतच व्हता." तिला रडू येत होतं आणि ती हसत होती, आणि मला तिच्या त्या आनंदाची भीती वाटली. नवऱ्याच्या अंगात असा आजार शिरलेला बघून कोणती बाई अशी हसेल? पण मला तिचं मन कळत होतं. हा पुरावा कोणाचा कोणी लागत नव्हता.

ती तशीच गुडघ्यांवर सरकत बाबांपर्यंत गेली आणि त्यांचा हलता हात दोन्ही हातांत धरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलली. "तू जागा नव्हतास. मी उगाच तुला बोल लावला."

बाबांना समजायला वेळ लागला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग ते हळूहळू सरळ होऊन बसले, आणि त्या गोठत चाललेल्या चेहऱ्यावर जेवढं उमटू शकत होतं तेवढं उमटलं.

"म्हंजे शपत मोडली न्हाय?"

"न्हाय मोडली," आई म्हणाली.

तेवढ्यात भाऊ जेवायला घरी आला. संध्याकाळच्या भरतीला होडी निघणार होती. बाबा त्याला म्हणाले, "आज मी येतो. सुकानू मी घेतो." भावाने त्यांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. आई डोळे पुसत उठली आणि त्यांच्या भाकऱ्या बांधायला आत गेली.